संपत काळभोरवरचा आळ आणि माझी बाकीची मालमत्ता

लिहून ठेवतो मी, सुदर्शन गजानन आठल्ये, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, धंदा बिजागऱ्यांचे उत्पादन, राहणार शनिवार पेठ, पुणे, की येत्या बुधवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे, आणि ती होण्यापूर्वी माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय ठरवीत आहे. धाक घालण्याचा प्रयत्न माझी पत्नी आणि माझी मुलगी या दोघींनी केला, पण तो या मृत्युपत्राबाबत नव्हता, दुसऱ्याच एका कागदाबाबत होता. त्याचा उल्लेख पुढे येईल.

मी शुद्धीत असल्याचा दाखला वरच्या मजल्यावरच्या डॉ. निशा वर्तक यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि घरात कोण कोण आहे ते विचारले. मी उत्तरे दिली, आणि त्यांच्या स्कूटरने आमचे फाटक अडते हेही सांगितले. त्यानंतर दाखला लगेच मिळाला.

ॲडव्होकेट प्रज्ञेश यांनी मला दीड पानांचा मसुदा टाइप करून पाठवला होता. त्यात एकही चूक नव्हती. तरी मी तो परत केला, कारण त्यात संपत काळभोरचे नाव नव्हते. ज्या माणसाचा मी निम्मे आयुष्य हेवा केला त्याला वगळून मला माझी वाटणी लिहिता येत नाही. म्हणून हे हाताने लिहिले आहे, आणि लांबले आहे.

कलम १. यापूर्वी २०१७ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे काही एका ग्रंथालयाला देऊन टाकले होते. शेफाली, म्हणजे माझी मुलगी, त्या वर्षी स्वतःच्या लग्नाची पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवून दुसरी लोणी काळभोरला संपतच्या घरी देऊन आली, याचा तो राग होता. ग्रंथालयाला हे माहीत नाही, त्यामुळे त्यांनी वाईट वाटून घेण्याचा प्रश्न येत नाही.

कलम २. शनिवार पेठेतला राहता फ्लॅट सामानासह माझी पत्नी शर्मिला हिला. बँकेतल्या ठेवी दोघांच्या नावावर आहेत, त्याही तिलाच. देवघराखालच्या स्टीलच्या डब्यात बिजागरीची बावीस पाती आहेत. ती कशाची, हे कलम पाचमध्ये लिहिले आहे. ती तिने जपावीत किंवा मोडीत घालावीत, विचारायला मी नसेन. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी कधी मोठ्या आवाजात बोलली नाही. गेली सतरा वर्षे ती माझ्याशी मोजकेच बोलते, आणि हे मला आवाज चढवण्यापेक्षा जड गेले.

कलम ३. शर्मिला हिंजेस प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीतले माझे सर्व शेअर शेफालीला. कारखाना धायरीला आहे, पत्रा कापणाऱ्या चौदा प्रेस आणि बासष्ट कामगार. १९८६ साली तो सुरू केला तेव्हा भोवती शेते होती. आता सोसायट्या आहेत, आणि आमच्या प्रेसच्या आवाजाबद्दल त्या तक्रारी करतात. आवाज आधी आला आणि सोसायट्या नंतर आल्या, हे शेफालीने प्रत्येक उत्तरात पहिल्याच वाक्यात लिहावे. माझ्याकडे नमुना आहे.

शेफाली कारखाना माझ्यापेक्षा चांगला चालवते हे मी इथे लिहून टाकतो, तोंडावर मला सांगता आले नाही. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बोथट व्हायला लागली की प्रेसचा आवाज बदलतो, तो तिला लांबून कळतो. मला कळत नाही. मी डिप्लोमा केलेला माणूस, मी मायक्रोमीटर लावून बघतो. हा कान तिला मी दिलेला नाही. शाळेला सुट्टी असली की ती कारखान्यात यायची आणि संपतच्या प्रेसशेजारी स्टूल टाकून बसायची. "आईक, आता कशी कुरकुराया लागली," असे तो म्हणायचा आणि ही शहाण्यासारखी मान डोलवायची. मी केबिनच्या काचेतून बघत असे. मी तिला क्लास दिले, कॉलेज दिले, एमबीए दिले. त्यातले ती काय वापरते मला ठाऊक नाही, संपतने दिलेला कान ती रोज वापरते. बापाला याचा आनंद व्हायला हवा होता. मला जळफळाट झाला, आणि तो मी तिच्यावर अभ्यासाच्या निमित्ताने काढला.

कलम ४. ताळेबंदाच्या शेवटी आमचे सीए दरवर्षी एक टीप छापतात, "संभाव्य देणी". म्हणजे जी देणी आज नाहीत, पण निकाल विरुद्ध गेला तर उभी राहतील. शेअरबरोबर शेफालीला ही टीपही मिळते, म्हणून तिच्यातल्या तीन बाबी समजावून ठेवतो.

पहिली कराची. आमची बिजागरी टेम्पोच्या दाराला लागते. आम्ही ती बिजागरी म्हणून विकली आणि बिजागरीचा कर भरला. खात्याचे म्हणणे असे की टेम्पोला लागते म्हणजे तो टेम्पोचा सुटा भाग, त्याला कर जास्त, तेव्हा फरक भरा, व्याज भरा, दंड भरा. अपील चालू आहे. आपली बाजू बरोबर आहे असे मला अजूनही वाटते. पण शेजारच्या शेडमधल्या विक्रमने पहिल्या दिवसापासून निमूटपणे जास्तीचा कर भरला, आणि तो रोज दुपारी जेवून तासभर झोपतो. त्याच्या झोपेचाही मी हेवा केला आहे. शेफाली, अपील हरलीस तर भरून मोकळी हो. कोर्टाची हौस माझी होती, ती तुझ्या गळ्यात नको.

दुसरी भविष्य निर्वाह निधीची. माल चढवणारे हमाल ठेकेदाराचे होते. त्याने त्यांचा निधी भरला नाही, म्हणून मागणी आमच्याकडे आली. रक्कम बेताची आहे आणि मागणी रास्त आहे, कारण ते वर्षानुवर्षे आमच्याच दारात राबत होते. मी भरली नाही याचे कारण वकिलाला सांगितले ते वेगळे. खरे कारण असे की हमालांच्या वतीने निधीच्या कार्यालयाला तक्रारीचे पत्र संपतने लिहिले होते. त्यांची नावे त्याला पाठ होती, मला त्यांच्यातले एकही माहीत नव्हते. ही रक्कम महिन्याच्या आत भरावी.

तिसरी बाब टिपेत एका ओळीची असते: "एका माजी कामगाराचे प्रकरण, उच्च न्यायालयात प्रलंबित." नाव छापत नाहीत. नाव संपत बबन काळभोर, मुक्काम लोणी काळभोर, आमच्या कारखान्यातल्या युनियनचा सेक्रेटरी. २००८ साली मी त्याला चोरीच्या आरोपावरून कामावरून काढले. येत्या ३१ मार्चला तो साठ वर्षांचा होतो, म्हणजे निवृत्तीची तारीख. त्याच्या आत आळ निघाला तर तो गेटातून कामगार म्हणून आत जाईल आणि कामगार म्हणून निवृत्त होईल. नाही निघाला तर चोर म्हणूनच घरी बसेल. शर्मिला आणि शेफाली ज्या कागदासाठी माझ्या मागे लागल्या आहेत तो कागद म्हणजे आळ खोटा असल्याचे माझ्या सहीचे एक वाक्य.

कलम ५. आता ते प्रकरण. हे कोर्टाच्या फाइलीत आहे त्यापेक्षा वेगळे आहे.

संपत १९८७ साली कामाला लागला, एकवीस वर्षांचा, दहावी पास. दहा-अकरा वर्षांत तो युनियनचा सेक्रेटरी झाला. त्याने मला कधी शिवी दिली नाही, कधी दगड मारला नाही. तसे केले असते तर माझे काम सोपे झाले असते. कामगारांच्या घरी लग्न निघाले की पत्रिका आधी त्याला. मला येणाऱ्या पत्रिकेवर नुसते "साहेब" लिहिलेले असे आणि ती शिपायाच्या हातून यायची. पगारवाढीचा करार दर तीन वर्षांनी होत असे. वाढ मी द्यायचो आणि पेढे त्याला भरवले जायचे. त्याची आई गेली त्या दिवशी दोन टेम्पो भरून माणसे लोणीला गेली, त्यातला एक टेम्पो कंपनीचा होता. शर्मिलाही गेली. माझी अँजिओग्राफी झाली तेव्हा मला भेटायला पाच जण आले, त्यातले दोन विमा एजंट होते.

२००८ च्या पावसाळ्यात बोनसवरून संप झाला, तो पुढे बरेच दिवस चालला. संप सुरू झाला त्याच दिवशी संपतने मला पत्र दिले की रोज सकाळी चार माणसांना तासभर आत सोडा, प्रेसला तेल पुसून जातील, पावसाळी हवेत लोखंड गंजते. मी म्हणालो, संपावर आहात ना, मग गंजू दे. तो म्हणाला, "भांडण तुमच्याशी हाय सायेब, मशिनीशी न्हाई." मशीन माझ्या होत्या, कर्ज माझ्या नावावर होते, आणि हे वाक्य मला सुचायला हवे होते. मी त्या चौघांना आत सोडले, पण ते वाक्य मला आजतागायत सलते.

संप मिटायच्या आत खंडेनवमी आली. आमच्याकडची रीत अशी की त्या दिवशी सगळ्या प्रेसची पूजा होते. आरती झाली की एका प्रेसवर एकच दाब मारायचा. त्यातून बिजागरीचे एक पाते पडते, म्हणजे अर्धी बिजागरी. ते उत्पादनात धरायचे नाही. त्याला हळदकुंकू लावून शर्मिलाने ते माझ्या हातात द्यायचे आणि ते आमच्या घरी देवापाशी यायचे. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. ही रीत मीच पाडली, १९८६ साली. १९८६ ते २००७ अशी बावीस पाती डब्यात आहेत.

त्या वर्षी कामगारांनी विचारले की पूजेपुरते गेट उघडाल का. मी उघडले, पण केबिनमधून खाली गेलो नाही. संपावरच्या माणसांशेजारी पाटावर बसायचे नाही असे मी ठरवले होते. शर्मिला गेली. पूजेला जोडपे लागते म्हणून तिने संपतला आणि त्याची बायको राधा हिला बसवले. मी काचेतून बघत होतो. आरती झाली, दाब पडला, आणि शर्मिलाने कुंकू लावलेले ते पाते संपतच्या हातावर ठेवले. दोघे वाकून तिच्या पाया पडले. कंपनीला नाव शर्मिलाचे, पहिले कर्ज काढले तेव्हा गहाण पडलेल्या बांगड्याही तिच्याच, आणि तिने पाते दिले त्याला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गेटवर फोन केला आणि रखवालदार संभाजीला सांगितले की बाहेर जाताना संपतची झडती घे.

खिशात पाते सापडले. गेट पास नव्हता. पंचनाम्यात लिहिले: कंपनीचा माल, बिजागरीचे पाते नग एक, वजन ९४ ग्रॅम, किंमत अकरा रुपये. अर्ध्या बिजागरीचा जगात कोणालाही उपयोग नसतो, हे मला त्या क्षणी माहीत होते. त्या संध्याकाळी शर्मिलाने मला विचारले, "अहो, ते मी दिलंय. तुम्हाला दिसलं नाही का?" मी म्हणालो, मला का नाही दिलं. ती म्हणाली, "तुम्ही खाली आला असतात तर तुम्हालाच दिलं असतं."

पुढे कारखान्यातली चौकशी झाली. शर्मिला साक्ष द्यायला निघाली होती. माझ्याविरुद्ध साक्ष दिलीस तर मी घर सोडीन, असे मी तिला सांगितले. ती गप्प बसली. नंतर कामगार न्यायालयात युनियनच्या वकिलाने तिला साक्षीला बोलवायचे ठरवले, तेव्हा संपतने त्याला अडवले. "वहिनींना कोर्टात उभं करायचं न्हाई," असे तो म्हणाल्याचे मला नंतर कळले. माझी पत्नी कोणत्या संकटात आहे हे त्याला माझ्याआधी समजले, आणि त्याबद्दल मी त्याचा आणखी द्वेष केला. मी स्वतः शपथेवर सांगितले की अशी कोणतीही रीत आमच्या कारखान्यात नाही आणि कधी नव्हती. हे खरे ठरावे म्हणून पुढच्या वर्षीपासून मी रीतच बंद केली. तेव्हापासून खंडेनवमीला पूजा होते, पण दाब पडत नाही.

कामगार न्यायालयाने २०१६ साली निकाल दिला: माल बाहेर नेला हे सिद्ध, पण अकरा रुपयांसाठी नोकरी घालवणे ही शिक्षा अवाजवी, सबब कामावर घ्या आणि मागचा निम्मा पगार द्या. आम्ही उच्च न्यायालयात गेलो कारण त्याला परत घ्यायचे नव्हते. तोही गेला, कारण "सिद्ध" हा शब्द त्याला मान्य नव्हता. तेव्हापासून कायद्याने मला त्याचा शेवटचा पगार दरमहा द्यावा लागतो, कामावर नसताना. तीनदा मी तडजोडीचा निरोप धाडला, दर वेळी रक्कम वाढवून. तिन्ही वेळा एकच उत्तर आले, की पैशाचे नंतर बघू, आधी साहेबांना लिहून द्यायला सांगा.

कलम ६. तरी मी जाहीर करतो की ते पाते माझ्या पत्नीने रीतीप्रमाणे संपत काळभोर याला दिले, मी ते डोळ्यांनी पाहिले, आणि तशी रीत नाही ही माझी शपथेवरची साक्ष खोटी होती. त्याने चोरी केली नाही. मी हेव्यापोटी त्याला अडकवले. माझ्या मृत्यूनंतर हे कलम उच्च न्यायालयात दाखल करावे.

कलम ७. धायरीला कंपनीपासून हाकेच्या अंतरावर माझ्या नावावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. तो संपत काळभोर याला द्यावा. अट एकच. खंडेनवमीला सर्व कामगार जमले असता त्याने उभे राहून सांगावे की हा फ्लॅट मला सुदर्शन आठल्ये यांनी दिला.

*(हे कलम खोडले आहे. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची सही. कारण कलम १० मध्ये.)*

कलम ८. किरकोळ. माझा मायक्रोमीटर व व्हर्नियर प्रेस विभागाचा फोरमन समाधान याला, त्याने ती पेटीत ठेवावीत, खिशात नाही. आमची ॲल्युमिनियमची शिडी १९९४ पासून विक्रमकडे आहे. ती मी त्याला देत आहे, कारण तशीही ती परत येणार नाही. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. आलेली माणसे मोजली जातात, आणि लोणीला किती गेली होती हे पुष्कळांना आठवत असेल.

येथपर्यंत गुरुवारी लिहिले. पुढचे आज रविवारी लिहीत आहे.

आज सकाळी शर्मिलाने मला न विचारता संपतला फोन करून बोलावून घेतले. दहाच्या सुमारास तो आला. केस पांढरे झाले आहेत, चष्मा लागला आहे, एरवी तसाच आहे. मी त्याला वरची पाने वाचायला दिली. खरे सांगायचे तर थोड्या ऐटीतच दिली. मला वाटले होते की कलम सहा वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी येईल आणि कलम सात वाचून तो हात जोडेल. तो ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेला. शर्मिला आणि शेफाली समोर बसल्या होत्या. शर्मिलाने ठेवलेला चहा निवून गेला.

"वाचलं," तो म्हणाला.

"काही चुकीचं लिहिलंय का?"

"न्हाई. समदं बरोबर हाय. पर हे उघडायचं कधी?"

"माझ्यामागे. मृत्युपत्र आहे ते."

"म्हंजी तुम्ही गेल्यावर मी लोकांना सांगत फिरायचं, की बगा, सायेब मेल्यावर खरं बोलले." त्याने पाने नीट जुळवून टेबलावर ठेवली. "आन् समजा बुधवारी तुम्ही चांगले झाला. व्हालच. पंधरा-वीस वर्सं जगाल. मंग हे कपाटात ऱ्हाणार. मला मार्चात साठ हुत्यात."

शेफाली म्हणाली, "बाबा, हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

लक्षात आले नव्हते असे इथे लिहिले तर ती आणखी एक खोटी साक्ष होईल. माझ्या लक्षात आले होते. गुरुवारी कलम सहा लिहितानाच आले होते. खरेही लिहून होईल आणि मला जिवंतपणी कोणाला तोंडही दाखवावे लागणार नाही, असा हिशेब मी केला होता. बरा झालो असतो तर संपतची तारीख टळून गेली असती, आणि मी उदार माणूस म्हणून गेलो असतो. हे मी त्या तिघांना बोलून दाखवले नाही. पण शर्मिलाने माझ्याकडे बघितले आणि तिला कळले. सत्तेचाळीस वर्षांत तिला माझे हे फार वेळा कळले आहे.

ती म्हणाली, "अहो, उद्या प्रज्ञेशना बोलवा. तुम्ही सही करणार नसाल तर मी करीन. मी दिलंय, मी सांगेन. घर सोडायचं असेल तर ऑपरेशन झाल्यावर सोडा, तोवर डबा कोण आणणार." मोठ्या आवाजात नाही बोलली. संपत खाली मान घालून बसला होता.

मला भीती तुरुंगाची नव्हती, प्रज्ञेश म्हणाले होते की या वयात तसे काही होणे कठीण आहे. मला डोळ्यांसमोर गेट दिसत होते. संपत आत येणार, बासष्ट माणसे काम टाकून बाहेर येणार, हार, गुलाल, शेफाली सगळ्यांच्या पुढे. आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला माहीत असणार की साहेबांनी हे अर्ध्या बिजागरीसाठी केले. मग त्याच्या साठीचा विचार आला. तो किती सावकाश वाचत होता तेही आठवले, आणि मी प्रज्ञेशना फोन लावला.

कलम ९. उद्या सोमवारी सकाळी प्रज्ञेश नोटरीला घेऊन येतील आणि मी कलम सहामधला मजकूर प्रतिज्ञापत्र म्हणून करून देईन. ते याच आठवड्यात उच्च न्यायालयात दाखल होईल आणि कंपनी आपला अर्ज मागे घेईल. मागचा पगार निम्मा नाही, पूर्ण द्यावा. संपतला बुधवारच्या पहिल्या पाळीपासून कामावर घेतल्याचे पत्र शेफालीने आत्ता माझ्यासमोर टाइप केले आणि मी त्यावर सही केली. त्याने ते दोनदा वाचले, घडी घातली आणि उठून खिडकीपाशी गेला. बराच वेळ तो आमच्याकडे पाठ करून उभा होता. बुधवारी तो गेटातून आत जाईल तेव्हा मी भूल दिलेल्या अवस्थेत असेन, आणि मला तेच बरे वाटते. ते बघणे मला अजून जमणार नाही.

कलम १०. या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक डॉ. वर्तक. दुसरा विक्रम होता, पण तो रविवारी फोन उचलत नाही. शेफाली म्हणाली, खालच्या दुकानदाराला बोलावते. तेव्हा संपत खिडकीतून वळला.

"साक्षीदाराला ह्यातून काय भेटतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "ज्याला काही मिळणार असेल त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात."

"मंग पेन द्या."

"संपत, वेडेपणा करू नकोस. दोन खोल्या आहेत. चोवीस तास पाणी आहे."

"माझ्या घरी बी हाय पाणी," तो म्हणाला. "मला जे पायजे हुतं ते ह्या पत्रात हाय. फ्लॅट नगं."

शेफालीने मला पट्टी आणून दिली. मी कलम सात स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारून खोडले. तो फ्लॅट आता शेफालीला जाईल, तिने तिथे परगावचे कामगार ठेवावेत. मला त्याला काहीतरी द्यायचे होते, चार माणसांत दिसेल असे, आणि तेही त्याने मला करू दिले नाही. माझा हेवा गेलेला नाही. तो गेला असे कोणी माझ्यामागे सांगितले तर विश्वास ठेवू नये. मात्र त्या हेव्याला दुसऱ्या कोणाच्या नोकरीवर बसवण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे मी मान्य करतो.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेफालीने करावी. सर्व पाने मी लिहिली, पुन्हा वाचली, आणि प्रत्येक पानावर दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. साक्षीदारांनी माझ्या देखत सह्या केल्या.

ठिकाण: शनिवार पेठ, पुणे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: सुदर्शन गजानन आठल्ये

साक्षीदार १
नाव: डॉ. निशा मुकुंद वर्तक
पत्ता: याच इमारतीत, तिसरा मजला
व्यवसाय: वैद्यकीय
सही: निशा वर्तक

साक्षीदार २
नाव: संपत बबन काळभोर
पत्ता: मु. पो. लोणी काळभोर, तालुका हवेली, जिल्हा पुणे
व्यवसाय: नोकरी, प्रेस ऑपरेटर, शर्मिला हिंजेस, धायरी
सही: संपत काळभोर

साक्षीदार दोन याने व्यवसायाचा रकाना स्वतःच्या हाताने भरला आहे. मी तो वाचला. हरकत नाही.

सु. ग. आठल्ये